डोन्या प्रिमितीवाचा उजवा कान

आमच्या एल आल्तोच्या विमानतळाबाहेर टॅक्स्या उभ्या राहतात, तिथे गेल्या पावसाळ्यात एक बातमी पसरली. आपीवाल्या डोन्या प्रिमितीवाने वयाच्या बासष्टाव्या वर्षी, भर विमानात, शंभर लोकांच्या देखत एका परक्या म्हाताऱ्याचा मुका घेतला! बातमी आणली शेजारच्या गाड्यावरच्या विसेंताने. तिची चुलतबहीण त्याच विमानात तीन रांगा मागे बसली होती. तिने मागून जेवढं पाहिलं त्यात विसेंताने पदरचं घातलं, आणि खोटं कशाला बोलू, चिमूटभर मीही घातलं. इतकी चांगली बातमी आमच्या वाट्याला रोज येत नाही.

प्रिमितीवा किस्बेर्त बावीस वर्षं त्याच कोपऱ्यावर जांभळ्या मक्याचं गरमागरम दाट पेय, म्हणजे आपी, आणि चीज भरलेली तळलेली पुरी विकते आहे. पहाटेच्या थंडीत वैमानिकापासून हमालापर्यंत सगळे तिच्या पातेल्याभोवती हात शेकत उभे असतात. विमानं तिच्या गोल हॅटवरून दिवसभर जातात. पण विमान हा शब्द काढला की तिचा हात आपोआप उजव्या कानावर जायचा.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिची मुलगी नोएमी हिचं लग्न खाली बेनीच्या सखल मुलखात, त्रिनिदाद शहरात झालं. प्रिमितीवा सर्दीने नाक चोंदलेलं असताना विमानात चढली. आता आम्हा डोंगरावरच्या लोकांना उंचीबद्दल एकच गोष्ट ठाऊक. खालून कुणी पाहुणा आला आणि त्याचं डोकं गरगरलं, की आम्ही सांगतो, बाबा, गप्प बस, बोलू नकोस, फारसं खाऊ नकोस, झोप काढ. येणाऱ्याला सांगायचा हा नियम प्रिमितीवाने जाताना स्वतःला लावला. वर दोन्ही कानांत सताबाची पानं आणि कापूस कोंबला, शालीने डोकं आवळलं, तोंड मिटलं आणि पार्सलासारखी झोपून गेली. विमान उतरायला लागलं तेव्हा कानात कुणी खिळा ठोकतंय अशा वेदनेने ती किंचाळत उठली.

दोन दिवस उजव्या कानाने काही ऐकू येईना. लग्नात नोएमीची सासू त्याच बाजूला बसली होती. तिने हौसेने विचारलं, "काय विहीणबाई, जावई आवडला का?"

प्रिमितीवा गोड हसून म्हणाली, "चांगलंय हो, पण मीठ जरा कमी आहे."

ते वाक्य अजून त्या घरात सांगतात. प्रिमितीवाने मात्र शपथ घेतली, पुन्हा विमानात पाय ठेवणार नाही.

गेल्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन पावसाळ्यात, नोएमीचा फोन आला. तिची मुलगी डानित्सा दोन वर्षांची झाली होती, तिचे पहिले केस कापायचे होते. आमच्याकडे तो मोठा सोहळा. पोरीच्या केसांच्या बटा रिबिनी लावून बांधतात आणि पहिली बट कापतो तो मान्यवर.

"आई, पहिली बट तूच कापायचीस. नाही आलीस तर सासूबाई कापतील."

"ती? तिने जन्मात गुरांच्या शेपट्यांखेरीज काही कापलंय का?"

"मग ये ना. आणि ऐक, पोरगी आता आजीला 'अबू' म्हणते. फोटो बघून तुला हाक मारते."

तिथेच प्रिमितीवा अडकली. रस्ता पावसाने वाहून गेला होता, बस बंद होत्या. विमानाने जावं तर कान जाणार, आणि ज्या हाकेसाठी जायचं तीच ऐकू येणार नाही. विसेंता म्हणाली, "नातीला डाव्या बाजूला बसव की." प्रिमितीवाने तिच्याकडे असं पाहिलं, की विसेंता मुकाट्याने आपल्या गाड्यावर गेली.

शेवटी ती निघाली. पुन्हा सताब, पुन्हा कापूस, पुन्हा शाल. शेजारच्या खुर्चीवर एक वाळकुडा म्हातारा होता, डॉन आस्तेरिओ वाका. बेनीहून आमच्याकडे गोमांस आणणाऱ्या जुन्या मालवाहू विमानांत त्याने तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली होती. विमानाचं दार लागलं आणि प्रिमितीवाने डोळे मिटले.

"बाई, झोपताय की मरताय?" त्याने विचारलं.

"माझं मी बघते."

"कानात काय कोंबलंय? कोशिंबीर?"

तिने शाल आणखी आवळली. पण विमान उडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच कान दडपायला लागला. ती घाबरून म्हणाली, "अजून तर आपण वर चाललोय! इतक्यात कसा दुखतोय?"

"विमान वर चाललंय, तुमचा कान खाली चाललाय," म्हातारा मजेत म्हणाला. "तुमचं गाव चार हजार मीटरवर. इथे आतली हवा त्याहून दाट करतात, माणसांना श्वास घेता यावा म्हणून. दुसऱ्या गावच्यांचा कान उतरताना दुखतो. तुम्हा एल आल्तोवाल्यांना चढतानाच उतार लागतो."

मग त्याने तिच्या पिशवीतून डोकावणारी पाण्याची रिकामी बाटली काढून दाखवली. घरून झाकण घट्ट लावून आणलेली ती बाटली आता चेपायला लागली होती. खाली जाणाऱ्या बसमध्ये आम्ही सगळ्यांनीच अशा बाटल्या पाहिलेल्या असतात.

"तुमच्या कानाच्या पडद्याचं हेच होतंय. बाहेरची हवा दाबते, आतली कमी पडते. कानातून घशात एक बारीक नळी जाते, तेच तुमचं झाकण. गिळलं की उघडतं, जांभई दिली की उघडतं. तोंड मिटून झोपलं की बंद. आणि कापूस काढा तो! त्याने हवा अडत नाही, फक्त माझं बोलणं अडतं."

"तेच बरं होतं," प्रिमितीवा म्हणाली, पण कापूस काढला. त्याने दिलेली गोळी चघळली, घोट घोट गिळत राहिली.

"सर्दी आहे?"

"मागच्या आठवड्यात होती."

"मग नळी अजून सुजलेली असणार. डॉक्टरकडून नाकात घालायचं औषध आणायचं होतं. आणि सर्दी जोरात असली तर विमानात बसायचंच नाही."

त्रिनिदाद जवळ आलं तसं त्याने तिला झोपू दिलं नाही. दोघं एकमेकांसमोर आ वासून जांभया देत बसले. डावा कान टप्कन उघडला. उजवा काही ऐकेना, कळ वाढत चालली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर जे घडलं त्यावरूनच एवढा बोभाटा झाला, ते शेवटी सांगतो. एवढं खरं, की चाकं जमिनीला लागायच्या आत प्रिमितीवा मोठ्याने ओरडली, "उघडला!" आणि तिने हॅट काढून म्हाताऱ्याला नमस्कार केला.

केस कापायच्या दिवशी तिने विहिणीला मुद्दाम उजव्या बाजूला बसवलं. पहिली बट कापताना डानित्सा रडली, मग आजीच्या शालीत तोंड खुपसून अगदी हळू म्हणाली, "अबू." प्रिमितीवाने कात्री खाली ठेवली आणि पुन्हा म्हणायला लावलं. सात वेळा. विहीण म्हणाली, "अहो, बाकीचे केस कापायचेत अजून!" तेही तिला नीट ऐकू आलं.

परत आली तर आम्ही वाटच बघत होतो. नेहमीच्या विक्रेतीला आम्ही गिऱ्हाइकं कासेरा म्हणतो, तसं मी म्हटलं, "कासेरा, आज आपीत साखर जास्त झालीये. प्रेमात पडलीस की काय?"

"तुझ्या तोंडाची चव गेलीये, म्हाताऱ्या. पी आणि चालता हो."

विसेंता लाजून म्हणाली, "माझी बहीण म्हणते, तोंडाला तोंड लागलं होतं."

"तुझ्या बहिणीला चष्मा घे." एवढंच बोलून ती पुऱ्या लाटू लागली. पण आता विमानाने जाणारा कुणी आला की ती आपी ओतता ओतता सांगते, झोपू नका, गिळत राहा, तान्ह्याला उतरताना पाजा. खुलासा मात्र तिने आजवर दिला नाही. मी तो विमानतळाच्या मालधक्क्यावर डॉन आस्तेरिओला गाठून काढून घेतला.

मुका कुणी कुणाचा घेतला नाही. प्रिमितीवाने भीतीने दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती आणि ती सोडायला तयार नव्हती, म्हणून तिच्या तोंडाशी वाकून तिचं नाक त्यानेच चिमटीत धरलं. तिने तोंड मिटून त्या बंद नाकात हळूच वारा ढकलला, आणि उजवा कान उघडला.