टाकीच्या झाकणावरचं कुंकू

माझ्या वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गाडी ओढत नाही असं कुणी म्हटलं की ते तीन गोष्टी बघायचे: इंधन, ठिणगी आणि हवा. तिन्ही बघितल्याशिवाय चालवणाऱ्याला बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. मी त्यातल्या दोन बघितल्या आणि एका माणसाला सगळ्या घाटासमोर चोर ठरवलं.

लग्न होऊन मी काशीत आले ती ब्रह्मा घाटावरच्या भिक्षुकांच्या घरात. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू आमच्याकडे उतरायचे. विधी माझे यजमान सांगायचे. जेवणं, खोल्या आणि गंगेतली नाव माझ्याकडे. नाव घरची होती. नव्वदच्या सुमारास आम्ही तिला एक जुनी मोटर बसवली, तिसऱ्या हाताची, डोक्यावर टाकी असलेली. चालवायला नावाडी तोच ठेवला, जो माझ्या लग्नाआधीपासून आमची नाव वल्हवत होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. मला पंडिताइन म्हणायचा. मोटर शिकायला त्याला चार दिवस लागले, आणि वल्ही त्यानं तरीही नावेतून कधी काढली नाहीत.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळी, कात्री, अडकित्ता, शिलाई मशीन. त्या वर्षी मी तबक घेऊन घाटही उतरले आणि मोटरीची पूजा केली. टाकीच्या झाकणाच्या मधोमध सहाणेवरचं ओलं गंध थापलं, वर हळद-कुंकू, अक्षता. बोटाला गंध उरलं होतं तेही तिथेच पुसलं.

"इंजिनालाही कपाळ शोधलंस का?" यजमान पायरीवरून म्हणाले.

"तुमचे यात्रेकरू वाहून नेतंय ते," मी म्हटलं. नावाड्यानं मोटरीला हात जोडले.

चार दिवसांत मोटर मरगळली. पावसाळा संपून महिना झाला नव्हता, पाण्याला ओढ होती. ब्रह्मा घाटावरून जोरात सुटायची आणि मणिकर्णिका ओलांडली की आवाज बारीक व्हायचा. नाव आधी जागच्या जागी थांबायची, मग मागे सरकायला लागायची. नावाडी वल्ही काढायचा. घटकाभर थांबलं की मोटर पुन्हा सुरू, पुन्हा थोडं जाऊन तेच.

मी पदर खोचून बसले. मोटरीच्या पाण्यातल्या पंख्याला कुणाच्या तरी साडीची चिंधी आणि हाराचा दोरा गुंडाळला होता, तो कापून काढला. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासला. कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला. मग स्वतः मोजून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, अर्धी टाकी भरली आणि नावाड्याला घेऊन थोडं वर जाऊन आले. मोटर छान चालली.

दुसऱ्या दिवशी पंचतीर्थीच्या लांब फेरीला जायचं म्हणून नावाड्यानं टाकी काठोकाठ भरली. मोटर मणिकर्णिकेला बसली.

असं दोनदा झालं. माझ्या हातचं पेट्रोल असलं की चालते, त्याच्या हातचं असलं की बसते. त्याच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता; तेच तो पेट्रोलमध्ये मिसळतो असं मी ठरवलं. आमच्याही घरी रॉकेलचा डबा होता, पण तो मी हिशेबात धरला नाही.

तो एकदा म्हणाला होता, "पंडिताइन, इसका दम घुट रहा है. ढक्कन ढीला करके चलाने दीजिए."

"आणि पेट्रोल उडून लोकांच्या सोवळ्यावर पडलं तर? बिलकुल नहीं," मी म्हटलं. झाकण ढिलं करायचं म्हणजे पूजेवर हात घालायचा, हेही मनात होतं. नवमीचं गंध आम्ही पुसत नाही, आपोआप झडेल तेव्हा झडेल.

त्यानंतर एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन आलं. नाव पुन्हा अडली, आणि कलश मांडीवर घेतलेला त्यांचा मोठा मुलगा प्रवाहाबरोबर उलटा घाटाशी परत आला. सकाळी सातची वेळ. पायऱ्यांवर स्नानाची गर्दी, शेजारच्या नावांवरचे मल्लाह, न्हावी, फुलवाल्या. मी खाली उतरले आणि माझ्या मोडक्या हिंदीत, पण मोठ्यानं म्हणाले, "पेट्रोल बेचते हो, मिट्टी का तेल मिलाते हो, और दोष मोटर को देते हो."

तो टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हमारे बाप भी यहीं नाव चलाए. आज तक ऐसा किसी ने नहीं कहा."

"मग मी कहती हूँ."

कुणीतरी हसलं. त्यानं वल्ही नीट आत ठेवली, मोटरीची दोरी गुंडाळली आणि पायऱ्या चढून गेला. त्या कुटुंबाला मी दुसऱ्या नावेत बसवलं. काम अडलं नाही, याचं मला समाधानही वाटलं.

दिवाळीच्या साफसफाईत मी मोटर घरी आणवली. झाकण काढून साबणाच्या पाण्यात टाकलं. गंध दगडासारखं वाळलं होतं. केरसुणीच्या काडीनं खरवडलं तेव्हा त्याखाली टाचणीएवढं भोक दिसलं. झाकण उजेडाकडे धरलं. भोक बुजलेलं होतं, आत लाल.

मला लगेच कळलं. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते, त्यासाठी ते भोक. ते बुजलं की पेट्रोल उतरत नाही. अर्ध्या टाकीत आत भरपूर हवा असते, म्हणून माझी छोटी फेरी निभावली. त्यानं काठोकाठ भरलेल्या टाकीत हवाच नव्हती. त्यानं झाकण ढिलं करू का विचारलं होतं, ते नेमकं हेच होतं. माझ्या वडिलांची तिसरी गोष्ट.

मी यजमानांना सांगितलं. ते संध्येला बसत होते. "मग त्याला सांगून ये," एवढंच म्हणाले.

मी लगेच गेले नाही. कार्तिक होता, घर भरलेलं होतं. कारण खरं होतं, पण भाजीला मी रोज बाहेर पडतच होते. गेले ती पौर्णिमेनंतर. तोवर कळलं होतं की मोटरीची नाव त्याला कुणी देत नाही; पेट्रोलचा विषय निघाला की माझं वाक्य निघतं. तो एका भाच्याची नाव वल्हवत होता.

त्याच्या दारात उभी राहून मी सगळं सांगितलं. भोक, गंध, अर्धी टाकी. माफ करो म्हटलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"ढक्कन का तो हमको अंदाज़ था," तो म्हणाला. "तिलक आपने लगाया था, तो हम कैसे पोंछते."

"परत या कामावर."

"काम की बात बाद में. आपने घाट पर कहा था. घाट पर ही कह दीजिए."

"कहूँगी," मी म्हटलं. आणि मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी, दुपारी एक वाजता. यात्रेकरूंची जेवणं उरकली की मला तीच वेळ मोकळी असते, असं मी त्याला सांगितलं. घाटावर न्हावी होता, त्याच्यापुढे अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक होतं, आणि एक मल्लाह नावेत तोंडावर गमछा घेऊन झोपला होता. मी उभी राहून म्हणाले की यांनी कधी तेल मिसळलं नाही, चूक माझी होती. न्हाव्यानं मान हलवली आणि वस्तरा पुन्हा चालू केला.

नावाड्यानं आजूबाजूला पाहिलं. "पंडिताइन, उस दिन सुबह थी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग नमस्कार करून गेला.

सकाळी पुन्हा जायला हवं होतं. सातला, गर्दीत. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बारा पानं होती. तिसऱ्या दिवशी काहीच नव्हतं, तरी मी गेले नाही.

तो कामावर आला नाही. पुढच्या वर्षी कळलं की तो रामनगरच्या बाजूला मुलीकडे राहायला गेला. आमची मोटर त्यानंतर चार वर्षं चांगली चालली. खंडेनवमीला मी तिला गंध लावत राहिले, फक्त झाकण सोडून, बाजूच्या पत्र्यावर.

आता हे लिहून काढलंय, सगळं, वेळेसकट. पण मराठीत. ब्रह्मा घाटावरचा एकही मल्लाह मराठी वाचत नाही.