बिनगळाची दोरी

चहा जरा निवू द्या, तोवर माझी एक फजिती ऐका. माणसानं स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात. मी एकदाच केलं, आणि तेही तोंडाला फडकं बांधून! आता तुम्ही हसाल, मीही हसतो. पण त्या दिवशी वैशाखाच्या उन्हात मला थंडी वाजली होती.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. तिकडं लांब कुठंतरी मोठी लढाई चालू होती आणि इकडं जळकोटच्या बाजूला आमचं किराणा दुकान चालू होतं. म्हणजे चालू कसलं? साखर रेशनच्या चिठ्ठीवर, रॉकेल चिठ्ठीवर. माल मूठभर आणि गिऱ्हाइकांची बोलणी पोतंभर. मी चोवीस वर्षांचा. आम्ही लिंगायत. मासळी तर सोडाच, उकिरड्यावर अंड्याचं टरफल दिसलं तरी अप्पा, म्हणजे माझे वडील, वाट बदलायचे.

गावाबाहेर तळं होतं. काय सांगू त्या तळ्याचं! उन्हाळा सरत आला की पाणी आटत आटत मधे गोळा व्हायचं. कडेचा गाळ भेगाळून त्याच्या फरश्या व्हायच्या. पाण्याखाली गेलेली एक जुनी गाडीवाट त्या दिवसांत हळूच वर यायची, चार पावलं उन्हात चालायची आणि पुन्हा पाण्यात उतरायची. दुपारी सगळं गाव झोपलेलं. वारा नाही. पाण्यावर ऊन थरथरतंय, म्हशींची नाकं तेवढी वर. मी त्या वाटेकडं बघत बसायचो. ती पाण्याखालून कुठं जात असेल, तिथं कोण राहत असेल, असलं काहीबाही मनात यायचं आणि फार बरं वाटायचं. खरं सांगतो, तेवढं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही.

पण आपल्याकडं माणसाला नुसतं बसू देतात का हो? पहिल्या दिवशी एका गुराख्यानं विचारलं, "घरात भांडण झालं का?" दुसऱ्या दिवशी दोघांनी विचारलं. तिसऱ्या दिवशी मागं वळून बघतो तर अर्धी गल्ली पळत येतेय आणि सगळ्यात पुढं आमची अव्वा, म्हणजे आई, ऊर बडवत! "पोरानं जीव द्यायचं मनात घेतलंय गं बाई!" मी म्हणालो, "अव्वा, मी पाणी बघतोय." तर ती आणखीच मोठ्यानं रडायला लागली.

शेवटी तळ्यावरच्या हणमामामानं तोड काढली. हणमामामा म्हणजे म्हातारा भोई, मासे धरत जन्म त्या पाण्यावर गेलेला. तो म्हणाला, "मालक, हातात काठी धरा. काठी धरून बसलेल्याला कुणी काय विचारत न्हाय."

त्यानं मला वेताची काठी दिली, दोरी दिली, पाण्यावर तरंगायला मोरपिसाचं देठ बांधून दिलं. गळ बांधायला लागला तसा मी त्याचा हात धरला.

"गळ नको मामा. जीव जाईल माशाचा."

"मालक, गळ न्हाय लावला तर मासे हसतील की!"

"हसू दे."

मग दोरी खाली राहावी म्हणून आम्ही टोकाला एक खडा आणि कणकेचा गोळा चिंधीत गुंडाळून बांधला. माशांना पीठ घातल्याचं पुण्य ते वेगळंच! पण लिंगायताचं पोरगं हातात मासे धरायची काठी घेऊन बसलंय हे अप्पांना कळलं असतं, तर अव्वाची भीती त्यांनीच खरी केली असती. म्हणून मी पलीकडच्या काठाला बाभळीआड बसायचो. हणमामामाचा जुना सदरा अंगात, डोक्याला मळकं फडकं, तेच तोंडावरून फिरवलेलं. नुसते डोळे उघडे. तेही बऱ्याच वेळा मिटलेले.

आता इथं मुलगी येते गोष्टीत. सरसावून बसलात ना?

आळंदकडची गौरव्वा. एका लग्नात पंगतीला ती हुग्गी वाढत होती. हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर. मी नेहमीप्रमाणं तंद्रीत. खीर पानातून वाहून मांडीवर यायला लागली तेव्हा जागा झालो. ती म्हणाली, "पुरं झालं की सांगायचं असतंय. न्हायतर मी वाढतच ऱ्हाईन." झालं! मी पुरं म्हणालोच नाही. त्या दिवसापासून पाण्यातल्या त्या वाटेवरून कोणीतरी खिरीचं भांडं घेऊन येताना दिसायला लागलं. लग्न करीन तर हिच्याशीच, असं माझ्या मनानं घेतलं आणि घरच्यांनी तिकडं बोलणंही घातलं.

अडचण एकच. आधीची दोन स्थळं 'पोरगं तंद्रीत असतंय' एवढ्यावरून मोडली होती. अप्पांनी बजावलं होतं, "हे तिसरं. हे मोडलं तर आता दारात कुणी यायचं न्हाय." गौरव्वाचे वडील इरप्पा सोमवारी मुलगा बघायला येणार होते. माणूस कडक, तीन वेळा पूजा, शब्दाला पक्का.

आदल्या दिवशी रविवारी दुपारी म्हटलं, एकदा शेवटचं बसून घ्यावं. लग्न झाल्यावर कुठलं तळं आणि कुठली काठी!

पीस पाण्यावर उभं होतं. माझे डोळे मिटत आले होते. तेवढ्यात मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. एक छकडा थांबला, गाडीवान बैल सोडून पाण्यावर घेऊन गेला आणि कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला एक धिप्पाड माणूस माझ्याजवळ आला.

"काय रे तम्मा, गावतंय का काय?"

"न्हाय जी," मी फडक्याआडून म्हणालो. तम्मा म्हणजे आमच्याकडं धाकटा भाऊ.

"जळकोटात म्हादप्पांचं दुकान हाय न्हवं? त्यांचं पोरगं कसं हाय?"

म्हादप्पा म्हणजे आमचे अप्पा. आणि पोरगं म्हणजे मी! हे इरप्पा होते. मला कळायला हवं होतं. आमच्याकडं मुलीचा बाप सांगितलेल्या दिवशी कधी येतो का? तो एक दिवस आधी येतो आणि वेशीबाहेर भेटेल त्याला मुलाबद्दल विचारतो. घरचे खोटं बोलतात, वाटेवरचा माणूस कशाला बोलेल?

मी उठून लांब गेलो असतो तर ही फजिती झालीच नसती. पण डोळ्यांपुढं ती खीर आली हो!

"लई सोन्यावाणी पोरगं," मी आवाज जाड करून म्हणालो. "मुंगी बी बघून पाय टाकतंय."

"दुकानात बसतंय का भटकतंय?"

"भटकतंय? सकाळी बसलं की दिवेलागणीलाच उठतंय. दुपारचं बिलकुल हालत न्हाय."

"आमी ऐकलं, जरा तंद्रीत असतंय."

"कोण म्हणतो? खामखा बदनामी! लई हुशार हाय. उर्दू कसं खटाखट वाचतंय. तहसीलचे लोक बी कागद घेऊन येत्यात त्याच्याकडं."

इथं तरी थांबावं की नाही? पण स्वतःचं कौतुक म्हणजे उतारावरची गाडी. इरप्पांनी पूजेचं विचारलं, तर मी म्हणालो, "तीन येळा करतंय. आवाज असा गोड, की पूजेला बसलं की दावणीच्या गाई माना वळवून ऐकत्यात."

"तुला बरंच ठाऊक हाय."

"रोजचा शेजार हाय जी."

इरप्पा खूश झाले. बाभळीच्या सावलीत माझ्याशेजारीच बसले, उपरण्यानं मान पुसली आणि मायेनं म्हणाले, "तू भला माणूस दिसतूस तम्मा. हे काम सोड. पाण्यातल्या मुक्या जिवाला मारून काय मिळतंय?"

ते इतकं मनापासून बोलले की मलाच पश्चात्ताप झाला! मी मान खाली घातली. खरोखरच खाली घातली. आणि त्या ढगळ सदऱ्यातून माझ्या गळ्यातलं चांदीच्या डबीतलं लिंग बाहेर आलं आणि दोघांच्या मधे हलायला लागलं.

इरप्पांनी वाकून डबीकडं बघितलं.

"तम्मा," इरप्पा हळूच म्हणाले, "गळ्यात लिंग हाय तुझ्या."

"व्हय जी."

"लिंग बांधून मासे मारतूस? अय्यो शिवा! कुणाचा तू?"

मी फडकं सोडलं. दुसरं काय करणार? "म्हादप्पांचा."

"कुठल्या म्हादप्पांचा?"

"दुकानवाल्या."

इरप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हंजे ते मुंगी बघून पाय टाकणारं..."

"मीच."

ते उठले. उपरणं झटकलं. ते छकड्याकडं निघाले. मी ओरडलो, "थांबा! म्या मासे मारत न्हाय! दोरीला गळच न्हाय! शिवाची शपथ, डोळ्यानं बघा!"

आणि पुरावा दाखवायला मी काठी सगळ्या जोरानं वर उपसली.

दोरीच्या टोकाला हातभर लांब मरळ! हवेतून आली आणि थेट इरप्पांच्या धोतरावर आदळून फडफडायला लागली!

कितीतरी दिवस मी तिथं बसलो, एक शेपूट दिसली नाही. आणि ही बया नेमकी त्याच घटकेला चिंधीसकट कणीक गिळून दात अडकवून बसली होती!

इरप्पा धोतर धरून नाचताहेत, मी "गळ न्हाय, गळ न्हाय" म्हणत मरळीमागं धावतोय, बैल बुजलेत. आरडाओरडा ऐकून हणमामामा पळत आला. त्यानं मरळ धरली, जबडा उघडून चिंधी सोडवली आणि इरप्पांपुढं दोरी धरली. "बघा मालक. खरंच गळ न्हाय. गळ लावा म्हणलं की यांच्या डोळ्याला पाणी येतंय. म्या जन्मभर गळ टाकतोय, असली मरळ मला घावली न्हाय!" त्यानं मरळ माझ्या हातात दिली. मी ती पाण्यात सोडली. ती तळाशी गेली, पाणी पुन्हा निवळलं.

इरप्पांनी दोरी बोटांनी चाचपली. खडा बघितला, कणीक बघितली.

"मग बसतूस कशाला?"

"पाणी बघत," मी म्हणालो. पहिल्यांदाच खरं बोललो.

ते पाण्याकडं वळले. ऊन कलायला लागलं होतं. ती गाडीवाट गाळातून निघून पाण्यात शिरत होती, आणि पाण्याखाली जरा लांबपर्यंत पिवळसर दिसत होती.

"ती वाट कुठं जाती?"

"ठाऊक न्हाय. तेच बघत असतो."

ते खाली बसले. मीही बसलो. बैलांचं पाणी पिऊन झालं, गाडीवान एकदा खाकरला, तरी ते उठले नाहीत. उठले तेव्हा "उद्या येतो" एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडं न बघता. मी समजलो, संपलं. गौरव्वा गेली, असं मनाशी म्हणालो आणि खरंच रडलो.

सोमवारी इरप्पा आले. घोंगडीवर बसले. अप्पांनी छाती फुगवून सुरुवात केली, "आमच्या पोराबद्दल गावात कुणालाबी विचारा."

"विचारलं की," इरप्पा म्हणाले. "काल तळ्यावर मासे धरणारा एक जण भेटला. म्हणला, पोरगं दुपारचं दुकानातून हालत न्हाय."

माझे अप्पा सरळ माणूस. सोयरीक मोडली तरी चालेल, पण खोट्यावर जोडायची नाही. ते म्हणाले, "न्हाय जी. दुपारी हे कुठं जातंय आमालाच ठाऊक न्हाय."

"उर्दू खटाखट वाचतंय म्हणला."

"उर्दूत दोनदा नापास झालंय!"

"पूजेला बसलं की दावणीच्या गाई माना वळवत्यात म्हणला."

"आमच्या दावणीला गायच न्हाय!" अप्पा संतापून उठलेच. "कोण हाय तो लबाड? नाव सांगा त्याचं. आत्ताच्या आत्ता चावडीवर उभा करतो!"

मी जमिनीत जागा शोधत होतो. इरप्पांनी तबकातली सुपारी उचलली, शांतपणे तोंडात टाकली आणि म्हणाले,

"जाऊ द्या व्याही. कसा बी असंना, जावई हाय माझा."