अर्ध्या चावीची गायिका

एक अमेरिकन गायिका आमच्या घरी तीन वर्षं राहून गेली आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मी मात्र तिच्याविषयी एवढं जाणून होते की, तिनेच येऊन सांगितलं असतं की यातलं काही खरं नाही, तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

लोणावळ्याच्या बाजारात अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाजारातले लोक अब्बांच्या घड्याळावरून आपली घड्याळं लावत, आणि अब्बांना त्याचा फार अभिमान होता. घड्याळांबरोबर ते शिवणयंत्रं, बाजाच्या पेट्या, कधी ग्रामोफोनही दुरुस्त करत. लढाई सुरू झाल्यानंतरची गोष्ट आहे. खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या अमेरिकन मेमसाहेबांनी त्यांचा ग्रामोफोन आणि एकाच गायिकेच्या तबकड्यांची एक पेटी दुकानात आणून ठेवली. ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली होती. अब्बांनी ती जोडली, पण तोवर मेमसाहेबांना जहाज मिळालं आणि त्या मायदेशी गेल्या. जाताना निरोप ठेवला, ‘लढाई संपली की येऊन नेईन.’

म्हणजे ती अमानत झाली. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू. अम्माने तिच्यावर चादर घातली आणि आम्हा कुणाला हात लावू दिला नाही. पण अब्बांचा दुसराही एक नियम होता. लोणावळ्याच्या दमट हवेत कुठलंही यंत्र बंद ठेवलं की आतलं तेल गोठतं, म्हणून दुकानातली न नेलेली घड्याळं ते आठवड्यातून एकदा चालवायचे. तोच नियम त्यांनी ग्रामोफोनला लावला. दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर चादर निघायची आणि एक तबकडी लागायची. एकच, आणि एकदाच.

तीही फार जपून. जोडलेली स्प्रिंग पुन्हा तुटली तर लढाईच्या दिवसांत नवी मिळणार नव्हती, म्हणून अब्बा अर्धीच चावी द्यायचे. अर्ध्या चावीत तबकडी पुरी व्हावी म्हणून वेगाची कळ अगदी मंदाच्या टोकाला लावलेली. पोलादी सुया संपल्या तेव्हा त्यांनी करवंदीचा वाळलेला काटा तासून लावला. त्या काट्यातून, त्या वेगाने, तिचा आवाज यायचा. जड, खोल, घोगरा. शेवटच्या ओळींपर्यंत तर तो इतका खाली जायचा की अम्मा विचारायची, “बरी आहे ना ती?”

मी टेकडीवरच्या इंग्रजी शाळेत शिकत होते. तिथे कानावर पडलेली इंग्रजी गाणी म्हणजे प्रार्थना, आणि त्याही संथ. त्यामुळे मला काहीच वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, ही बाई दुःखाचं सोनं करते आहे.

पेटीत तिच्याविषयी छापलेला एक कागद होता. वर तिचा फोटो, खाली तिचं चरित्र. खाणकामगारांच्या गावात जन्म. वडिलांचं केशकर्तनालय. लहानपणी चर्चमध्ये गायची, सोळाव्या वर्षी एका नाचगाण्याच्या बँडबरोबर गावोगाव हिंडू लागली. मग लिहिलं होतं, ‘परंतु ऐन लोकप्रियतेत असताना तिने बँड सोडला, कारण’ आणि पुढे कसर लागली होती. कारण कसरीने खाल्लं होतं.

उरलेलं चरित्र मी लिहिलं. खरोखर लिहिलं, शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर, इंग्रजीतून. बँडमास्तरने तिचा अपमान केला. तिची छाती कमकुवत होती. धाकट्या बहिणींसाठी तिने लग्न केलं नाही. एका हिवाळ्यात तिच्याकडे कोट नव्हता. मी स्वतः कुणाशी चार वाक्यं बोलत नसे, वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज दोनदा विचारल्यावर यायचा. पण तिच्या तोंडी मी पानपानभर भाषणं घातली. ती वही आता माझ्याकडे नाही. मीच बंबात घातली, आणि पाणी तापेपर्यंत तिथेच उभी राहिले, एखादं पान उडून बाहेर पडू नये म्हणून.

तिचं जे गाणं मला सगळ्यात आवडायचं, त्यात एक मुलगी म्हणते की माझे नवे बूट चावतात, पण मी नाचणार. एवढंच. मला त्यात तिची सगळी गरिबी दिसायची. मापाचे बूट घ्यायची ऐपत नाही, टाचेला फोड आलेत आणि तरी पोटासाठी नाचावं लागतंय. घरात कुणी नसताना मी ते म्हणायचे, तिच्याइतक्याच जड आवाजात, हनुवटी गळ्याला टेकवून.

सीनियर केंब्रिजची परीक्षा पास झाले तेव्हा माझ्यापुढे दोन रस्ते होते. शाळेत लहान मुलांना शिकवायची एक जागा रिकामी होणार होती. ती नाही मिळाली तर तळेगावच्या फुफीने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, आणलेलं स्थळ. मुलाचं चांगलं होतं सगळं, लाकडाची वखार होती. फुफी म्हणायची, “मुलगी बोलत नाही, हे तर फार बरं. त्यांच्याकडे सासू बोलते.” अब्बांनी मला बजावलं होतं, नोकरी मिळाली तर फुफीला ‘नाही’ मी सांगेन, नाही मिळाली तर ‘हो’ तू सांगायचं.

हेडमिस्ट्रेसने माझी परीक्षा घेतली. मोठ्या हॉलमध्ये मला पुढे उभं केलं, हातात पाठ्यपुस्तक दिलं आणि शेवटच्या बाकावर घंटा वाजवणाऱ्या मावशीला बसवलं. मावशी जवळच्या कार्ला गावच्या. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं, पण त्यांच्या कानावर हेडमिस्ट्रेसचा भरवसा होता. मी एक धडा वाचला.

“मावशी, ऐकू आलं?”

“न्हाई बा,” मावशी म्हणाल्या. “व्हट हालल्यालं दिसलं. आवाज कुटं गेला काय म्हाईत.”

हेडमिस्ट्रेस मला म्हणाल्या, “तुझे मार्क चांगले आहेत. पण वर्गात शेवटचा बाक असतो.” मग त्यांनी आणखी एक संधी दिली. पुढच्या आठवड्यात वार्षिक समारंभ होता. त्यात मी एकटीने काहीतरी म्हणायचं. “कविता म्हण, गाणं म्हण. मावशी तिथेच बसतील.”

कविता म्हणजे माझाच आवाज लागणार होता. गाण्याला निदान दुसरीचा उसना घेता आला असता. मी गाणं म्हणेन म्हणाले. पियानो नको म्हणाले, कारण पियानोबरोबर म्हणायचं तर आधी पियानोच्या बाईंसमोर म्हणावं लागलं असतं. माझी आयुष्यातली सगळी मोठी धाडसं अशीच एखाद्या लहानशा भीतीपायी झाली आहेत.

समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये शिरले तर पहिल्या रांगेत आठ-दहा अमेरिकन सोल्जर बसले होते. जखमा भरून यायला खंडाळ्याच्या बंगल्यांत उतरलेले हे जवान, त्यांना हेडमिस्ट्रेसने आवर्जून बोलावलं होतं. एकाचा हात गळ्यात, एकाच्या कुबड्या. अम्मा बायकांत बसली होती. अब्बा दाराशी उभे होते, आणि सवयीप्रमाणे हातात खिशातलं घड्याळ. मावशी शेवटच्या बाकावर, नवं लुगडं नेसून.

हेडमिस्ट्रेसने गाण्याचं नाव सांगितलं तशी पहिली रांग एकदम सरसावून बसली. एकाने शीळ घातली. कुबड्यावाल्याने चांगला पाय पुढे काढून ताल धरायची तयारी केली. मला वाटलं, हिचा केवढा आदर आहे यांच्या देशात.

मी हनुवटी गळ्याला टेकवली, डोळे मिटले आणि सुरू केलं.

पहिली ओळ संपल्यावर डोळे किलकिले केले. कुबड्यावाल्याचा पाय हवेतच थांबला होता. दुसऱ्या ओळीनंतर त्याने तो हळूच खाली ठेवला. तिसऱ्या ओळीला शीळ घालणाऱ्याने टोपी काढून मांडीवर घेतली, आणि मग एकेक करून सगळ्या रांगेने टोप्या काढल्या. मी पुन्हा डोळे मिटले. चावलेले बूट, टाचेचे फोड, नसलेला कोट, सगळं आठवून मी म्हणत गेले, आणि शेवटच्या ओळी तर तबकडीवर उतरायच्या तशाच उतरवल्या, अर्धी चावी संपत आल्यासारख्या.

संपल्यावर सगळे मान खाली घालून बसले होते.

“मावशी,” हेडमिस्ट्रेसने पुढूनच हाक मारली, “ऐकू आलं?”

“आलं की! समदं आलं,” मावशी पदराने डोळे टिपत म्हणाल्या. “लय ग्वाड म्हनली पोरगी. कोन वारलं म्हनायचं गान्यात?”

चहाच्या वेळी शीळ घालणारा सोल्जर माझ्याकडे आला. मी खांबामागे होते, तरी त्याने शोधलं. म्हणाला, “मिस, या गाण्यावर आम्ही गावी नाचायचो. हे लागलं की पाय थांबत नाहीत. तुम्ही कुठे शिकलात?”

“घड्याळाच्या दुकानात,” मी म्हणाले.

“पण इतकं दुःखी का?”

“बूट चावतात ना,” मी म्हणाले.

तो हसला नाही. हसायचं नाही म्हणून त्याने खालचा ओठ दातात धरला होता, तेवढी सभ्यता मी आजही मानते. अब्बा जवळ येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, “काय म्हणतो?”

“म्हणतो, हे नाचायचं गाणं आहे. जलद.”

अब्बांनी हातातलं घड्याळ उघडलं, बघितलं आणि मिटलं. घरी जाताना ते आमच्या चार पावलं पुढे चालत होते. अम्माने मागून एकदा म्हणून पाहिलं, “छान झालं हो. सगळे किती शांत बसले होते.”

घरात शिरल्यावर अब्बांनी टोपीही न काढता चादर ओढली. त्या दिवशी शुक्रवार नव्हता. वेगाच्या कळीजवळ चष्मा नेऊन बराच वेळ पाहिलं. मग ती मधल्या खुणेवर आणली आणि पहिल्यांदाच पूर्ण चावी दिली.

ग्रामोफोनमधून कुणीतरी खारीसारखं उडी मारून बाहेर आलं. बारीक, किनरा, खिदळणारा आवाज, मागे धावणारी पिपाण्या-ढोलकांची फौज. मधे एकदा ती चक्क हसते, गाता गाता. तीन वर्षं मी त्या जागेला हुंदका समजत होते.

“अगं बाई,” अम्मा म्हणाली, “ही कोण आली?”

तबकडी संपली तसं अब्बांनी घड्याळ बघितलं. “तीन मिनिटं,” ते म्हणाले. “आपल्याकडे चार लागायची. तू साडेपाच घेतलीस.” मग खुर्चीत बसले. “अख्खा बाजार माझ्यावर वेळ लावतो, आणि मी लोकांची अमानत तीन वर्षं चुकीच्या वेगाने चालवली.” त्यांना माझ्या फजितीचं काही वाटलं नव्हतं. त्या बाईची माफी कशी मागावी, हे त्यांना सुचत नव्हतं, आणि कुठल्या बाईची, मेमसाहेबांची की गाणारीची, तेही मला कळलं नाही.

मी आतल्या खोलीत जाऊन पडले. लाज वाटत होतीच, पण खरं सांगायचं तर सुतक जास्त होतं. कोट नसलेली, छाती कमकुवत असलेली माझी ती जड आवाजाची बाई गेली होती, आणि तिच्या जागी ही धडधाकट मुलगी आली होती, जिला मी ओळखत नव्हते.

लढाईनंतर मेमसाहेब आल्या, ग्रामोफोन नेला. अब्बांनी त्यांना सगळा गुन्हा सांगितला, मी भाषांतर केलं, त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी धीर करून विचारलं, तिने बँड का सोडला? मेमसाहेबांना चांगलं ठाऊक होतं. तिला रेडिओवर एका साबणाच्या जाहिरातीचा कार्यक्रम मिळाला होता, दर आठवड्याला. पैसे जास्त, प्रवास नाही. आता तर सिनेमातही जाणार म्हणतात. मी मान डोलावली. अंगाला साबण लावताना पुढे कित्येक दिवस मला तिचा राग यायचा.

पण ते नंतरचं. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी हेडमिस्ट्रेसचा निरोप आला की जागा माझी. अब्बांनी त्याच संध्याकाळी तळेगावला पत्र टाकलं. फुफीचं उत्तर आलं, ‘गाण्याचं आधी सांगितलं असतं तर मी स्थळ आणलंच नसतं.’

पहिल्या दिवशी वर्गात गेले. समोर चाळीस मुली. आता मला खरा वेग कळला होता, म्हणून मीही चटपटीत व्हायचं ठरवलं होतं. दोनचा पाढा सुरू केला. आवाज बारीक झाला, पळाला आणि बेचोकपर्यंत संपला. शेवटच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या.

दारात मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. “पोरी,” त्या म्हणाल्या, “हितं काय बी येत न्हाई. त्या मेलेल्या मानसाच्या गान्यावानी म्हन की.”

मी हनुवटी गळ्याला टेकवली. अर्धी चावी दिली. बे एके बे, अगदी खालून, जड, घोगरं, एकेक आकडा वेगळा. मागच्या बाकावरून पाढा परत आला, त्याच आवाजात, चाळीस बायकांनी मयताला म्हणावं तसा. मावशींनी मान हलवली आणि झाडायला निघून गेल्या.