पोतंभर चुना अन् तांडेलाचा पुतळा

हसायचं असन तं आताच हसून घ्या, बापा! चहा सरेपर्यंत माही पुरती शोभा होणार हाये.

नुकतंच महाराष्ट्र राज्य झालतं. मी वणीतला मिस्त्री. सिमेंटचे पुतळे कराव तं म्याच, अशी माही घमेंड! खाणीतल्या एका कोकणी कारकुनानं मले आपल्या गावी नेलं, पार समुद्राकाठी. तिथला तांडेल, म्हंजे होडीचा म्होरक्या, दुसऱ्याइले वाचवता वाचवता खडकापाशी बुडालता. गावानं त्याचा पुतळा त्याच खडकावरच्या कड्यावर बसवाचं ठरवलं.

पुतळा झाला बी झकास! तांडेलाची बायको, सगुणाकाकी, रोज येऊन त्याच्या पायावरून हात फिरवे. पाहून माहा जीव तुटे हो!

पलीकडच्या टोकावर एक पांढरा धोंडा होता. कोन्या देवाचा असन म्हणून मी येता-जाता सलाम करे.

आता सांगा, आपल्याकडं कबर असो का समाधी, चुना मारल्याबिगर कोनी सोडते काय? मी तं राजूरच्या भट्टीचा चुना पोतंभर संगं नेलता! शेवटच्या दिवशी पुतळा, चौथरा, सारं पांढरंफेक करून टाकलं. म्हटलं, काकी खूश होईन.

दुपारी काकी आली अन् पुतळा पाहून किंचाळलीच.

"मेल्या, ह्येका पांढरो कित्याक केलंस?"

"राजूरचा चुना हाये, काकी! एक नंबर!"

"अरे, त्या पांढऱ्या धोंड्याक बघून होडये येतत! माझो झील येताहा!"

झील म्हंजे पोरगा. एकुलता एक! अन् त्याची होडी खरा धोंडा सोडून सरळ बापाच्या पुतळ्याकडं येऊन राह्यली होती, त्याच खडकावर!

मी सदरा काढून हलवला, बोंबललो, नाचलो. होडीतल्याइले वाटलं, मिस्त्री स्वागत करून राह्यला! तेही हात हलवाले लागले!

काड्कन होडी फुटली. अल्लाची मेहेरबानी, माणसं पोहत निघाली. पोराचा पाय मात्र मोडलता. काकी त्याले पोटाशी धरून ढसाढसा रडली. इकडं मी पुतळ्याले चिखल फासत होतो.

रडणं थांबल्यावर तिनं माह्याकडं पाह्यलं.

"बापाशीचो एक पुतळो केलंस, तो पुरो झालो नाय? आता झिलाचो पण करूचो होतो तुका?"