दाट तेल

माझा धाकटा भाऊ बेकरीची व्हॅन चालवतो. पाव पोचवायचे, रिकामे ट्रे आणायचे, रोज तोच रस्ता. व्हॅनवर त्याचा भारी जीव. बेकरीत कुणीतरी सांगितलं, इंजिनात दाट तेल घाल, जन्मभर टिकेल. यानं घातलं. झालं!

सोमवारी भरलेली टाकी आधी शनिवार संध्याकाळपर्यंत पुरायची. ती आता शनिवारी सकाळीच तळाला जायला लागली. किलोमीटरचा काटा कधीचाच बंद. माझी भावजय हुशार, नको तिथे जास्तच. तिनं विचारलं, "रस्ता तोच, मग पेट्रोल जातं कुठे?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला. खरंच माहीत नव्हतं त्याला.

"वेळेवर घरी येता, म्हणजे जवळच राहत असेल ती."

आधी तो हसला. मग चिडला, मुलांची शपथ घेतली, रडलासुद्धा. बाईनं काही ऐकून घेतलं नाही. मी मधे पडले तर म्हणते, "ताई, तुम्ही भावाचीच बाजू घेणार." डोकंच सणकलं माझं! वर्षभर हेच चाललं. हळूहळू तो बोलेनासा झाला. वाढलं ते जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. टोमणा मारला तरी हूं नाही की चूं नाही. मला त्याची काळजी वाटायला लागली.

शेवटी मीच त्याच्या मागे लागून व्हॅन गॅरेजला न्यायला लावली. भावजयही आली, पहारा नको का! मेकॅनिकनं तेल सोडायला इंजिनाखालचा बोल्ट काढला आणि बघतच राहिला.

"डिंक भरलाय का यात? अहो, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून तेल. पण इतकं दाट घातलं की इंजिनाला त्या तेलातूनच वाट काढावी लागते, चिखलातून चालल्यासारखी. सकाळी गार असताना तर फारच. तुमचं जास्तीचं पेट्रोल तिथंच जळतंय."

कंपनीनं सांगितलेलं पातळ तेल त्यानं भरून दिलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी भावजय स्वतः व्हॅनमध्ये डोकावली. पेट्रोलचा काटा अजून तळाला टेकला नव्हता. धावतच आत आली, हसत काय, रडत काय. "अहो, तेलच होतं हो! पटलं मला!"

तो जेवत होता. मान वर केली नाही.

"तेलाचं लगेच पटलं तुला," एवढंच म्हणाला.

पाण्याचा जग तिच्याच हाताशी होता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, जरा पाणी दे."