म्हशीची टोपी

माझ्या मुलीच्या वर्गात पुस्तकं दोरीवर टांगलेली असतात. रुमाल वाळत घालावेत तशी, चिमटे लावून. खडकीतली शाळा, दुसरीचा वर्ग. मुलं दोरीपाशी येतात, मुखपृष्ठं बघतात, हवं ते ओढून घेतात आणि फरशीवर पालथी पडून वाचतात. काही पुस्तकांचे कोपरे चक्क चावलेले. पालकसभेत हे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

त्याला कारण आहे. विदर्भातल्या आमच्या गावच्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट होतं, कायम कुलूपबंद. एकदा ते उघडं दिसलं म्हणून मी पुस्तक मागितलं. गुरुजी म्हणाले, "हात बघ आधी आपले. धुऊन ये." हापशावर कोपरापर्यंत हात घासून परत आलो, तर कपाटाला कुलूप आणि गुरुजी चहाला गेलेले. मी पुन्हा मागितलं नाही. पुण्यात येऊन दुसऱ्यांचे खोके वाहिले, आता येरवड्यात पॅकिंगच्या सामानाचं स्वतःचं दुकान आहे, खराडीच्या ऑफिसांना माझा माल जातो. पण ते कपाट अजून डोक्यातून गेलेलं नाही. 'तुझ्या हातानं पुस्तक खराब झालं' असं माझ्या मुलीला कोणी म्हणता कामा नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी बाईंना म्हटलं, "सगळ्या पुस्तकांना कव्हरं घालून देतो. कागद माझा, माणसं माझी."

"अहो, ही वाचायची पुस्तकं आहेत," बाई म्हणाल्या. "कुठे पाठवायची नाहीयेत."

"कव्हर घातलेलं पुस्तक वाचता येत नाही का?"

"मुलं चित्र बघून पुस्तक उचलतात."

"मग वर नाव लिहितो, चांगलं ठळक. दुसरीतल्या मुलांना नाव वाचता येऊ नये?"

बाई काही तरी बोलणार होत्या. मी बोलू दिलं नाही. तडक मुख्याध्यापिकांकडे गेलो, आवाज चढवला. काम फुकटात होतंय म्हटल्यावर त्या तयार झाल्या. सौदा जिंकला की मला जेवण गोड लागतं, तसं त्या दिवशी लागलं.

शनिवारी वर्गात गोष्टीचा तास असतो. एक मूल आवडतं पुस्तक घेऊन पुढे उभं राहतं, चित्रं सगळ्यांना दिसतील असं धरतं आणि गोष्ट सांगतं. त्या शनिवारी माझ्या मुलीची पाळी होती. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी माझी पोर, तिनं आपण होऊन हात वर केला होता. टोपी घालून बाजाराला जाणाऱ्या म्हशीची गोष्ट. आठवडाभर ती पोळपाट पुस्तकासारखा धरून आईला ती गोष्ट ऐकवत होती, एक शब्द इकडचा तिकडे न होता. मला वाटलं, पोरगी वाचायला लागली.

शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मीच पुस्तकं दोरीवर लावली. जाड खाकी कागद, कडेनं पॅकिंगची टेप, वर मार्करनं नाव. मग मागे एका बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलो.

मुलं आत आली आणि दोरीपाशी थांबली.

"बाई, कुरिअर आलंय!" एक जण ओरडला. सगळा वर्ग हसला.

माझी मुलगी पुढे आली. तिनं एका पुस्तकाला हात लावला, मग दुसऱ्याला. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. बाई तिच्या मदतीला उठल्या, पण त्यांच्या आधी मीच ओरडलो.

"अगं, वाच ना! एवढं मोठं नाव लिहिलंय वर!"

तिनं मान खाली घातली. तिला वाचता येत नाही हे तोवर बाईंना आणि तिला माहीत होतं. आता सगळ्यांना कळलं, आणि ते मी ओरडून कळवलं होतं.

मी उठलो, नाव शोधून पुस्तक काढलं आणि कव्हर टरकन ओढलं. दुकानात खोके फोडतो तसं. टेपबरोबर मुखपृष्ठाचा एक तुकडाही निघून आला. खाली म्हैस राहिली, बोडकी. तिची लाल टोपी टेपसकट माझ्या अंगठ्याला चिकटली.

मुलीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि बारीक आवाजात सुरू झाली, "एक म्हैस होती. तिला टोपी घालून बाजारात जायचं होतं."

"टोपी कुठंय पण?" पुढच्या रांगेतून प्रश्न आला.

ती थांबली. आता ही रडणार असं वाटलं. तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाबांकडं आहे," ती म्हणाली.

वर्ग खदखदून हसला, आणि त्या हसण्यावर तिचा आवाज मोठा झाला. तिनं गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. प्रत्येक पान उलटून सगळ्यांना दाखवलं. मी मात्र फरशीकडे बघत ऐकली.

तास संपल्यावर मी दोरीकडे वळलो. "बाकीची कव्हरं काढून देतो. सावकाश काढतो."

"नको," बाई म्हणाल्या. "मुलं आणि मी मिळून काढू. तुम्ही हात लावू नका."

असं बोलणं मी कोणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी हात मागे घेतला.

बाहेर स्कूटरला किल्ली लावताना अंगठ्याची टेप काढायला गेलो, तर मुलगी मागून ओरडली, "बाबा, काढू नका ना! फाटेल ती. सोमवारी परत चिकटवायचीय."

मग खडकीपासून येरवड्यापर्यंत मी हँडलवरून अंगठा वर काढून स्कूटर चालवली. सिग्नलला शेजारचा एक रिक्षावाला त्या लाल टोपीकडे बघत राहिला. "सांभाळून हं," मागून ती दर थोड्या वेळानं बजावत होती, आणि मी दर वेळी "हो" म्हणत होतो.