तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

"मारीसेलशी तुमचं नातं काय?" असं फोनवरच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये हातात सूपचा ट्रे घेऊन रांगेत उभी होते. "शेजारीण," मी म्हटलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "फॉर्मवर बहीण लिहिलंय." आयर्लंडमधल्या गॉलवेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची, मी अमरावतीची, ओळख नऊ वर्षांची. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, या रकान्यात तिने माझं नाव लिहून ठेवलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. "हो, बहीण," मी म्हटलं. मग त्या बाईंनी सांगितलं की दुपारच्या ड्यूटीवर मारीसेल चादरी ठेवायच्या खोलीत कोसळली आणि अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट. वय एक्कावन्न.

त्याला आता सहा आठवडे झाले. रडून झालं. राग मात्र जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. स्मृतिलेखात माणसाचं चांगलं लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे, आणि मारीसेलचं चांगलं लिहायला मला काहीच कष्ट नाहीत. पण तिच्या चांगुलपणाचं ज्यांनी इतकी वर्षं लोणचं घालून पुरवून पुरवून खाल्लं, त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणं मला जमणार नाही. त्यात मीही आहे.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी ती दारात उभी होती, हातात शेवयांसारख्या नूडल्सची भलीमोठी थाळी. मी आपली पुण्यात नोकरी करून शिकलेली शहरी सभ्यता दाखवली, "अहो, कशाला, थँक्यू, आत्ताच खाल्लं." ती हसून गेली. दहा मिनिटांनी परत आली. मी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र भुकेपुढे लाज सोडून मी थाळी घेतली. पुढे ओळख वाढल्यावर तिने सांगितलं की त्यांच्याकडे जेवायला बसलेलं माणूस समोरून जाणाऱ्या कुणालाही "ये, जेवू या" म्हणतं. ज्याला म्हटलं त्याने पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं, नाहीतर हावरट दिसतं. आणि ज्याने बोलावलं त्याने पुन्हा विचारायचं असतं. एकदाच विचारलं तर ते विचारणंच नव्हे. "अगं, हे तर आमचंच!" मी किंचाळले. आमच्याकडे पंगतीत आग्रह करकरून पानात जिलबी टाकणाऱ्या काकांचं वर्णन केलं तर ती पोट धरून हसली. मी तिला आते म्हणायला लागले. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला आते म्हणतात. हा शब्दही मूळचा चिनी व्यापाऱ्यांचा, असं तीच सांगायची, आणि त्या नूडल्सही त्यांच्याच.

आई अमरावतीहून तीन महिने आली होती तेव्हा या दोघींची काय गट्टी जमली! एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी नाही. पहिल्याच भेटीत मारीसेलने वाकून आईचा हात धरला आणि आपल्या कपाळाला टेकवला. आई क्षणभर बावरली, मग तोच हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाली, "सुखी राय वं बाई." मी नंतर मारीसेलला विचारलं, हे नमस्काराचं कुठून आलं? ती म्हणाली, "याला आम्ही जो शब्द वापरतो तो स्पॅनिश, हात या अर्थाचा. पण वाकणं आमचं. ते त्यांची जहाजं यायच्या आधीपासूनचं असणार, बघ." तिला या गोष्टींचा भारी नाद. स्वयंपाक करता करता ती आपल्याच घराची झडती घ्यायची. नाव, आडनाव, देवघरातली मेरी, सणाला नटवलेला बाळ येशू, सगळं स्पॅनिश. शाळा, इंग्रजी, नर्सिंगची डिग्री, नाताळला प्लास्टिकचं झाड, हे अमेरिकन. शिक्षकाला गुरो आणि चेहऱ्याला मुखा, ते तुमच्याकडून फिरत फिरत आलेलं. "मग तुझं काय उरलं गं?" मी एकदा चिडवलं. हातातलं लसूण सोलणं न थांबवता ती म्हणाली, "माझी लाज."

लाज म्हणजे आपली लज्जा नव्हे. तिचा शब्द हिया. तिने बराच वेळ समजावलं, शेवटी मला कळलं की हिया म्हणजे आपली भीड. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आपण अवघडून बसायचं. मी तिला आपली म्हण सांगितली, भीड ही भिकेची बहीण. ती तिने मोबाईलमध्ये लिहून घेतली. मग जरा वेळाने म्हणाली, "आमची भीड आधी गावापुरती होती. भात लावायला शेजारी यायचे, बांबूचं घर उचलून दुसरीकडे न्यायचं तर सगळा गाव खांदा द्यायचा, तिथे सगळ्यांशी जुळवून घेतलं नाही तर जगणार कसं? मग स्पॅनिश पाद्री आले. त्यांनी सांगितलं, सोसणं पवित्र असतं. मग अमेरिकन आले. त्यांनी सांगितलं, हसत सोसा, आणि इंग्रजीत." केवढं सरळ सांगून गेली बाई! आणि एवढं सगळं समजत असून दुसऱ्या दिवशी फोन आला की पुन्हा "शुअर, नो प्रॉब्लेम"! मला इतका संताप यायचा तिचा.

फोन यायचा तो ती काम करायची त्या म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममधून. कुणी आजारी पडलं, कुणी सोडून गेलं, की पहिला फोन मारीसेलला. "मारीसेल, यू आर अ स्टार, आजची ड्यूटी घेशील?" मी समोर बसलेली असायचे. ती हो म्हणण्याआधी एक बारीकसा श्वास घ्यायची. आमच्या दोघींच्या भाषेत त्याचा अर्थ लहान पोरालाही कळला असता... आता पुन्हा विचार, म्हणजे मी खरं सांगते. पण पलीकडून पुन्हा कुणी विचारायचंच नाही. "ग्रँड!" म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त, ठीक', की फोन बंद. मी एकदा तिच्यावर ओरडले, "तोंड शिवलंय का तुझं? नाही म्हण की!" तर म्हणते, "मला कुणी बोलावत नव्हतं तेव्हा यांनी व्हिसाचे कागद केले. असे उपकार आतून बांधून ठेवतात ना. त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणू?" अगं बाई, त्यांना नर्स मिळत नव्हती म्हणून त्यांनी कागद केले! उपकार कुणी कुणावर केले? पण ते तिला पटायचं नाही.

आईला मात्र हे सगळं तीन महिन्यांत कळलं होतं. एका संध्याकाळी मारीसेल ड्यूटीवरून येऊन आमच्याकडे टेकली. मी विचारलं, जेवतेस का, ती नको म्हणाली, मी बरं म्हणून लॅपटॉप उघडला. आई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "काहून वं, एकडाव इचारलं न् सोडून देल्लं? तोंड पाय तिचं. दोनदा नाही म्हनन थे, मंग हो म्हनन. लेकरू उपाशी हाये." आणि तिने सरळ पान वाढलं. मारीसेल पिठलं-भात तीनदा घेऊन जेवली.

एवढं सगळं डोळ्यांदेखत झालेलं असताना मी काय केलं ते आता ऐका. ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी ती माझा स्टीलचा डबा परत द्यायला आली. डबा रिकामा द्यायचा नाही हा नियम दोन्ही घरचा, म्हणून त्यात तिने व्हिनेगरमधलं चिकन भरून आणलं होतं. चेहरा राखाडी, कपाळावर घाम, आणि बाहेर तर गारठा. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. म्हणाली, आठवडाभर खांदा दुखतोय, म्हातारे लोक उचलून उचलून असेल. मी म्हटलं, "आते, बरं नाहीये का? डॉक्टरकडे नेऊ?" तिने तो बारीकसा श्वास घेतला. "नको गं, मी ठीक आहे." रविवार असूनही माझा ऑफिसचा कॉल सुरू व्हायचा होता. मी म्हटलं, "बरं, सांग हं काही लागलं तर." ती दारापर्यंत गेली. दार उघडून थोडा वेळ तशीच उभी राहिली... मला वाटलं, पाऊस थांबायची वाट बघतेय. पाऊस नव्हताच. वाट कशाची बघत होती ते मला आज कळतंय, आणि कळून उपयोग शून्य. नर्स होती ती, तिला काय समजत नव्हतं? आईने एवढं बजावलेलं, आणि मी एकदाच विचारलं.

चर्चमधल्या प्रार्थनेनंतर शेजारच्या हॉलमध्ये चहा-सँडविच होतं. केअर होमच्या मॅनेजर बाई बोलायला उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. म्हणाल्या, "मारीसेल कधी म्हणजे कधी नाही म्हणाली नाही. नेहमी हसतमुख. सेवा या लोकांच्या संस्कृतीतच असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संस्कृती! कुणाच्या गावातली भीड, कुणाच्या पाद्र्याचं सोसणं, कुणाच्या शाळेतलं "येस, मॅम", चारशे-पाचशे वर्षं ज्याला जे सोयीचं ते त्याने त्या माणसांत भरलं, आणि आता शेवटचं गिऱ्हाईक म्हणतंय की यांच्या रक्तातच आहे! आपले मराठी लोकही काही कमी नाहीत. "फिलिपिनो ना, फार गोड असतात, कामाला वाघ," हे मी मंडळाच्या गणपतीत कितीदा ऐकलंय आणि मान डोलावलीय.

बाई माझ्याजवळ आल्या. "तुम्ही बहीण ना? चहा घ्या." मी नको म्हटलं. "अर्धा कप तरी?" नको. "अहो, गरम आहे, बरं वाटेल, घ्याच." आणि कप माझ्या हातात दिलासुद्धा. इथल्या माणसांचीही हीच रीत, तीनदा विचारल्याशिवाय चहाला कुणी हो म्हणत नाही, हे मला नऊ वर्षं ठाऊक होतं. पण त्या क्षणी माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "चहाला तीनदा विचारलंत. त्या आठवड्यात तिला बरं आहे का, हे किती वेळा विचारलं होतं?" बाई गोंधळल्या. "मी विचारलं होतं ना. ती ग्रँड म्हणाली." एकदा! माझ्याएवढंच. भांडायला गेलेली मी, कप खाली ठेवून घरी आले.

मारीसेलची मुलगी जॉय चोवीस वर्षांची, तिकडे इलोइलोत आजीने वाढवलेली, तीही नर्स. अंत्यविधीला आली आणि घर आवरायला थांबली. त्यांच्याकडे चाळीस दिवस आत्मा घराभोवती असतो, मग प्रार्थना करून निरोप देतात. तो दिवस झाला, दुसऱ्या दिवशी ती अस्थी घेऊन परत जाणार होती. माझ्याकडे जेवायला बोलावलं. आली, वाकून माझा हात कपाळाला लावला आणि बसली. म्हणाली, "तिता, एक बातमी आहे." तिता म्हणजे मावशी, हाही स्पॅनिश. "मॅनेजरनी मला आईची जागा देऊ केलीय. कागद तेच करणार. मी उद्या हो कळवणार आहे. एवढं मोठं फुलांचं चक्र पाठवलं त्यांनी, किती केलं आमच्यासाठी."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. ओट्यावर मारीसेलचा शेवटचा डबा होता, धुऊन पुसून ठेवलेला. कुणाला भरून देणार म्हणून तसाच होता. मी विचारलं, "तुला हवी आहे ही नोकरी?" "हो, तिता." हसतमुख, अगदी आईसारखी. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "जॉय, तुला यायचंय का इथे?" तिने श्वास घेतला. तोच, बारीकसा. "आईला आवडलं असतं. त्यांना वाईट वाटेल." फोन वाजला, मी बंद करून टाकला. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "त्यांचं राहू दे. आईचंही राहू दे. मी तिसऱ्यांदा विचारतेय. तुला यायचंय?"

तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती म्हणाली, "नो." पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "नो, तिता. मला या जागेचा राग येतो." नऊ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले मी, त्या घरातल्या माणसाच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आम्ही दोघी खूप रडलो. मग तिने माझ्यासमोरच बाईंना नकाराचा मेसेज लिहिला, चार ओळींचा, त्यातल्या तीन माफीच्या, त्या मी खोडायला लावल्या.

निघताना मी तो डबा पोळ्या आणि बटाट्याच्या भाजीने गच्च भरून तिच्यापुढे धरला, प्रवासात लागेल म्हणून. "नो, नो, तिता, पुरे," ती म्हणाली. तिचं ते 'नो' मात्र मी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं, घे. पुन्हा म्हटलं, घे गं.

तिने घेतला.